धाकट्याचा रिमोट

वीज येईल तेव्हा येईल. मोबाईलचे दिवे विझवा, डोळ्यांवर येतात. मघाशी तुमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, भूत म्हणजे मनाचे खेळ. असतील बाबा. पण मनाच्या खेळात माणसाच्या बरगड्या मोडत नाहीत. ज्याच्या डोळ्यांदेखत त्या मोडल्या तो माझ्याच दुकानात कामाला होता, आणि त्याला त्या घरी मीच पाठवलं होतं. त्याने मला जसं सांगितलं तसंच सांगतो. पदरचं काही घालत नाही.

आम्ही त्याला ठिणगी म्हणायचो. कामाला लागला त्या पहिल्याच दिवशी पठ्ठ्याने एका मिक्सरमध्ये भलतीच तार भलत्या जागी जोडली आणि अख्ख्या गल्लीचे दिवे घालवले. तेव्हापासून ठिणगी. पुढे त्याचा हात असा बसला की केसाएवढ्या तारेलाही सोल्डरचा डाग द्यायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याची बायकोसुद्धा भांडताना ठिणगीच म्हणते.

तर एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. साठीच्या असतील. पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. मला वाटलं, इस्त्री. निघालं आगगाडीचं इंजिन. हिरवं, वीतभर लांब, चाकं पितळेची.

"माझ्या थोरल्या भावाला हे डिजिटल करून हवंय," त्या म्हणाल्या. "हे, आणि दुसरं एक. आणि घरी रूळ आहेत, तेही सगळे."

मी ठिणगीकडे पाहिलं. तो ते इंजिन असं धरून उभा होता, जणू बाळंतिणीने नुकतंच बाळ हातात दिलंय. म्हटलं, "जा, बघून ये."

एवढंच. मिक्सर दुरुस्तीला जावं तसा गेला.

घर गल्लीच्या टोकाला, दुमजली. खाली ताई राहायच्या, म्हणजे त्याच बाई. वर थोरले. ते घड्याळजी होते, आता दुकान बंद करून घरीच बसले होते. वरची सगळी खोली एका टेबलाने व्यापलेली. टेबलावर कागदाच्या लगद्याचे डोंगर, बोगदा, पूल, एक स्टेशन, आणि सगळ्याला वळसा घालून जाणारा एकेरी रूळ. स्टेशनात तेवढी गाड्यांना एकमेकींना ओलांडायला दुसरी लाईन. ठिणगी सांगायचा, त्या स्टेशनातल्या घड्याळाला काटे होते, आणि ते खरे चालत होते.

थोरले सत्तरीचे, हाडापेराने मजबूत. एक डोळा काळानिळा. उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत बांधलेली.

"पडलात का काका?" ठिणगीने विचारलं.

"रोजच पडतो," थोरले म्हणाले. "तू रुळांचं बघ."

आता हे डिजिटल प्रकरण काय, ते थोडं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. जुन्या पद्धतीत एकच डबी आणि तिच्यावर एकच गोल बटण. बटण फिरवलं की रुळांत वीज जाते, आणि रुळावर असतील तेवढी सगळी इंजिनं एकदम, एकाच दिशेला पळायला लागतात. बटण एकाच्या हातात असलं की दुसऱ्याने हात चोळत बसायचं. डिजिटलमध्ये तसं नाही. रुळांत वीज कायम. प्रत्येक इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप बसवायची, तिला नंबर द्यायचा. रिमोटवरून त्या नंबराला हुकूम सोडला की तेवढंच इंजिन हलतं. दोघांच्या हातात दोन रिमोट असले तर दोघंही एकाच रुळावर आपापली गाडी हाकू शकतात. हवी तिकडे.

हवी तिकडे... हे लक्षात असू द्या.

"रिमोट दोन लागतील," थोरले म्हणाले. "एक इथे, माझ्या खुर्चीशी. एक पलीकडे, त्या स्टुलाजवळ."

"तिकडे कोण बसतं?"

"धाकटा."

असेल भाऊ, बाहेर गेला असेल, असं ठिणगीला वाटलं. त्याने कामाला हात घातला. टेबलाखालच्या जुन्या तारांचं जंजाळ काढून टाकलं. गंजलेले रूळ उखडले. इंजिनं उघडून त्यांच्या मोटारी सुट्या केल्या, कारण मोटारीचं टोक इंजिनाच्या सांगाड्याला जरा जरी टेकलं तरी चिप जळून कोळसा. दुकानातली कामं उरकून तो रोज संध्याकाळी तिथे जायचा, आणि रोज थोरल्यांच्या अंगावर नवी खूण असायची. एकदा कानशिलावर. एकदा ओठ फाटलेला. एकदा तर गळ्याभोवती लाल वळ. विचारलं की एकच उत्तर. "पडलो."

एका संध्याकाळी ठिणगी टेबलाखाली उताणा पडून जाड तार जोडत होता. डोकं वळवलं तर स्टुलापाशी दोन पाय दिसले. अनवाणी. टाचा थोड्या उचललेल्या, टेबलावर ओणवा होऊन माणूस उभा राहतो तशा.

"काय धाकटे काका, आलात वाटतं?" ठिणगी तारेकडेच बघत म्हणाला. "जरा तो पेचकस सरकवा ना इकडे."

पेचकस फरशीवरून घरंगळत त्याच्या हाताशी आला.

"थँक्यू हं," म्हणून त्याने स्क्रू पिळला. सरपटत बाहेर आला. खोलीत कुणी नव्हतं. दार आतून लावलेलं होतं, त्याने स्वतःच लावलेलं, वाऱ्याने आपटत होतं म्हणून.

तो खाली गेला. थोरले अंगणात बसले होते. ताई स्वयंपाकघरात काहीतरी ढवळत होत्या.

"ताई, धाकटे काका वर आले होते का?"

ताईंच्या हातातला डाव भांड्यात पडला. त्यांनी गॅस बंद केला. मग हात पुसत म्हणाल्या, "त्याला जाऊन चार वर्षं झाली रे."

 ठिणगी तिथेच पाटावर बसला. आणि ताईंनी, कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते, खालच्या आवाजात सांगून टाकलं.

दोघं भाऊ बिनलग्नाचे. धाकटा लेथवर कामाला होता, हिरव्या इंजिनाची चाकं त्यानेच घडवलेली. टेबल दोघांनी मिळून बांधलं, पण बटण एक. लहानपणी जसे भांडायचे तसेच पन्नाशी उलटल्यावरही भांडायचे. सुंभ जळला तरी पीळ जळेना. त्या रात्री बटण धाकट्याच्या हातात होतं. थोरले म्हणाले, पुरे आता, माझी पाळी. धाकटा हसला, आणि आणखी एक फेरी मारतो म्हणाला.

"थोरल्याने त्याचे केस धरले," ताई म्हणाल्या, "आणि तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा नाही. मी जिन्यात उभी होते, दोघांसाठी दूध घेऊन. आवाज मोजत राहिले, आणि पाय उचलेना. मग आवाज थांबला. धाकटा खाली पडलेला. थोरल्याने त्याचं इंजिन उचलून बाजूला ठेवलं. आपलं रुळावर ठेवलं. आणि बटण फिरवलं."

"आणि लोकांना?"

"लोकांना सांगितलं, जिन्यावरून पाय घसरला. मीही तेच सांगितलं."

"मग आता... हे जे..."

"आता तो परत घेतोय. रोज थोडं थोडं. थोरल्याला वाटतं, त्याचा त्याला रिमोट दिला की भांडण मिटेल."

ठिणगी उठला. पिशवी वर राहिली होती ती आणायचीही त्याला इच्छा नव्हती. पण ताईंनी त्याचं मनगट धरलं. "काम पुरं कर. आणि पहिल्यांदा गाडी सुरू होईल त्या रात्री थांब. मी एकटी पडेन रे. नाहीतर तो त्याला मारून टाकेल."

"कोण कोणाला?"

ताईंनी पुन्हा गॅस पेटवला.

ठिणगीने काम पुरं केलं. गाडी सुरू करायचा दिवस फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता. अमावास्या वगैरे काही नव्हतं. उलट चांगलं पिठासारखं चांदणं पडलेलं. रात्रीचे अकरा वाजायला आले होते. थोरल्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. ताई जिन्याच्या वरच्या पायरीवर बसल्या. ठिणगी दाराशी, वीज बंद करायचा बोर्ड हाताशी ठेवून.

स्टेशनात दोन लाइनींवर दोन इंजिनं. थोरल्यांचं काळं. धाकट्याचं हिरवं. थोरल्यांनी दुसरा रिमोट नेऊन स्टुलावर ठेवला, आणि चार पावलं मागे सरले.

"हे घे," ते स्टुलाला म्हणाले. "तुझं तुला, माझं माझ्याकडे. आता अंगाला हात लावायचा नाही. कळलं?"

थोरल्यांनी आपलं बटण फिरवलं. काळं इंजिन हललं, स्टेशनातून बाहेर पडलं, पूल ओलांडून बोगद्यात गेलं. एक फेरी झाली. दुसरी झाली. हिरवं जागचं हललं नाही. ठिणगीला हायसं वाटलं. सगळे मनाचे खेळ, असं तोही म्हणाला असता.

मग स्टुलावरच्या रिमोटचा पडदा उजळला.

बटण फिरलं. हळूच, बोटाने फिरवावं तसं. हिरवं इंजिन सुटलं.

थोरल्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "चल!" ते ओरडले. "चल रे! स्टेशनात भेटू!" काळं स्टेशनात शिरलं, कडेच्या लाईनवर थांबलं. हिरवं शेजारून झर्रकन निघून गेलं. थोरल्यांनी मांडीवर थाप मारली. "शाब्बास रे धाकट्या!" किती वेळ चाललं होतं ते, ठिणगीला सांगता येत नाही. दोन पोरं खेळावीत तसं. ताईसुद्धा जिन्यात हुंदके देत हसत होत्या. ठिणगी म्हणायचा, काका, तेवढ्यात मी उठून घरी गेलो असतो ना, तर जन्मभर ही गोष्ट हसत हसत सांगितली असती.

मग हिरवं पुलावर थांबलं.

थांबलं... आणि उलटं फिरलं.

थोरल्यांचं काळं समोरून येत होतं. "अरे, अरे, थांब," म्हणत त्यांनी आपलं इंजिन थांबवलं. हिरवं थांबलं नाही. येऊन धडकलं. टक्. चमचा बशीला लागावा एवढाच आवाज.

थोरल्यांचं डोकं मागे झटकलं गेलं. नाकातून रक्ताची धार लागली.

"चुकून," ते म्हणाले. "चुकून झालं ना रे? नवीन आहे, हाताला सवय नाही."

हिरवं मागे गेलं. पुलाच्या पार. मग आलं.

टक्.

थोरले दुमडले. ठिणगीने स्वतःच्या कानांनी ऐकलं... ओलं लाकूड मोडावं तसं. बरगडी.

"काका, उठा! बाहेर चला!"

ठिणगीने बोर्डावरचं बटण पाडलं. खोली काळोखी झाली. तारेने जोडलेल्या दोन्ही रिमोटचे पडदे विझले. खिडकीतून चांदणं तेवढं टेबलावर. काळं इंजिन मेल्यासारखं उभं होतं.

हिरवं चालूच होतं.

टक्. दुसरी बरगडी. थोरले ओरडले. टक्. खांदा. हात लोंबकळला. ठिणगी पुढे धावला, हिरवं इंजिन उचलायला हात घातला. तव्यावर पडावा तसा तळवा चरचरला. तरी त्याने सोडलं नाही, ओढलं. इंजिन रुळावरून तसूभर हललं नाही. आणि मग त्याच्या छातीवर काहीतरी बसलं. लाथ. अनवाणी पायाची. टाच त्याला स्पष्ट कळली. तो उडून भिंतीवर आदळला, वरच्या फळीवरचा पसारा अंगावर आला. तोंडात रक्ताची चव. श्वास येईना.

तिथून त्याने पुढचं पाहिलं.

थोरल्यांचे पांढरे केस वर उचलले गेले. मुठीत धरावेत तसे. त्यांचा चेहरा खाली... खाली... गाल रुळावर टेकला. ते सुटायला बघत होते. पाय फरशीवर घासत होते. मान वर येत नव्हती.

हिरवं मागे निघालं. थांबेना. पूल. बोगदा. डोंगराला वळसा. पूर्ण टेबलाची लांबी घेत होतं ते. धावायला.

मग थांबलं.

खोलीत आवाज नाही. थोरल्यांचा श्वास तेवढा, रुळावर.

मग चाकं फिरली.

बोगद्यातून आवाज आला. वाढत आला. खेळण्यातल्या गाडीचा नव्हता तो आवाज. टेबल थरथरत होतं. खिडकीच्या काचा वाजत होत्या.

"मी पाहिलं होतं!"

ताई. दारात.

"मी पाहिलं होतं रे धाकट्या. मी जिन्यात होते. मी आले नाही. मी खोटं बोलले. आता पुरे. सोड त्याला. उद्या सगळ्यांना सांगते, तुझी शपथ... सोड."

इंजिन थोरल्यांच्या डोळ्यासमोर येऊन थांबलं. बोटभर अंतरावर.

शांत.

केस सुटले. हळूहळू, एकेक बट खाली पडली. स्टुलाजवळ कुणीतरी बसल्यासारखी फळी करकरली. ताई तोंडावर हात धरून तशाच उभ्या. ठिणगी म्हणायचा, तिथेच संपलं होतं काका. तो थांबला होता. मेलेला थांबला होता.

जिवंत थांबला नाही.

थोरल्यांनी डोकं उचललं. तोंड रक्ताने माखलेलं. त्यांनी धड हाताने चाचपलं. ठिणगीची पिशवी टेबलावरच उघडी होती. त्यांच्या हाताला हातोडी लागली. स्टुलाकडे बघून ते दात विचकून म्हणाले,

"अजून बटण सोडत नाहीस? पुन्हा मारतो तुला."

"थोरल्या, नको!"

हातोडी वर गेली. स्टुलावर आली. स्टूल फुटलं. पुन्हा वर. पुन्हा खाली. रिमोटचे तुकडे उडाले. तिसऱ्यांदा वर...

आणि तिथेच राहिली.

हवेत. थोरल्यांचा हात वर, ताठ. त्यांनी खेचला. खाली येईना. मनगटाचं कातडं आत दबलं होतं, चहूबाजूंनी. त्यांनी वर पाहिलं. पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली. तोपर्यंत फक्त राग होता.

हात वळला.

कोपरातून. उलटा.

ठिणगीने डोळे मिटले. आवाज त्याला मिटता आला नाही. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा आलेला आवाज वेगळा होता, मऊ. त्यानंतर हातोडी फरशीवर पडली.

ताई पुढे गेल्या नाहीत. मागेही सरल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चल, तुझा हात पाण्याखाली धरू."

पोलीस आले. ठिणगीला ठाण्यात बसवून ठेवलं. मी वकील घेऊन पळालो. पण हातोडीवर ताजे ठसे थोरल्यांच्याच बोटांचे होते, ठिणगीचे होते ते जुने, त्यांच्याखालचे. ताईंनी जे पाहिलं तेवढंच सांगितलं. थोरल्याने स्वतःच्या हाताने स्वतःला मारलं. मग, कुणी विचारलं नसताना, चार वर्षांपूर्वीचंही सांगितलं. सगळं, दुधाच्या पेल्यांसकट. साहेबांनी पेन खाली ठेवून ऐकलं. पुढे त्यांच्यावर खटला चालला, तो काय व्हायचा तो झाला. मला त्या नंतर भेटल्या तेव्हा म्हणाल्या, आता झोप लागते.

ठिणगीच्या तळव्याची जखम भरली, पण नाजूक डाग देण्याचं काम त्याने सोडलं. आता पंप दुरुस्त करतो. इंजिनं कुठे गेली म्हणाल, तर दोन्ही पोलिसांनी नेली. तिथून कुठे गेली ठाऊक नाही, आणि आम्ही विचारलंही नाही.

घर मोकळं करायचं ठरलं तेव्हा ताईंनी निरोप धाडला, टेबल काढून न्या. ठिणगी एकटा जायला तयार नव्हता. मी बरोबर गेलो. भर दुपारची वेळ, खोलीत लख्ख ऊन. घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी एका कडेने रुळांचे खिळे उपसत निघालो. स्टेशनाजवळ आलो आणि रूळ हाताने उचलायला गेलो, तर बोट चरकन कापलं.

वाकून पाहिलं. रुळाची वरची कड झिजून झिजून ब्लेडसारखी पातळ झाली होती. पाव तासात नाही, महिन्यात नाही... वर्षानुवर्षं, रात्रंदिवस, एकच गाडी धावत राहिली तर लोखंड झिजेल, तशी. टेबलाला पूर्ण वळसा घालून बघितलं. सगळीकडे तशीच.

"जुनेच रूळ ठेवलेस होय रे?" मी विचारलं.

ठिणगीने वाकून ती कड पाहिली. मग म्हणाला, "नाही काका. नवे आहेत. त्या शनिवारी संध्याकाळी मीच बसवले होते."